अर्धी तुझी, अर्धी माझी

मी एक जुने यंत्र आहे, आणि माझ्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, चाकूची एक बारीक खूण आहे. पुसणाऱ्यांना ती साधा ओरखडा वाटते. हल्ली तर कोणी पुसतही नाही. एका मोठ्या दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत, तीन पायांच्या खुर्चीला टेकून, मी उभे आहे. मित्रांनो, माझी स्वतःची गोष्ट तशी चार ओळींत संपण्यासारखी आहे. पण त्या खुणेची गोष्ट माझ्या पोटात इतकी वर्षे राहिली आहे, आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला गंजून जायचे नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. निळा एप्रन घातलेल्या एका मुलीने माझ्या तारा जोडल्या, काच बसवली आणि मला दोन कान दिले. हे कान म्हणजे पेन्सिलीएवढ्या दोन दांड्या, लांब वायरच्या टोकाला. सगळे जोडून झाल्यावर तिने एक कान स्वतःच्या मानेला लावला, आणि मी आयुष्यातली पहिली लहर कागदावर काढली. “चालतंय की गं हे,” ती शेजारणीला म्हणाली, आणि मला खोक्यात घातले. माझे पहिले कौतुक झाले ते एवढेच.

माझे काम काय, ते सांगते. हृदय एक ठोका देते तेव्हा रक्तवाहिन्यांतून एक लहर धावत सुटते. माझा एक कान माणसाच्या मानेवर, दुसरा मांडीच्या वर. लहर इथून तिथे पोहोचायला किती वेळ लागला ते मी मोजायचे, आणि अंतराला वेळेने भागून वेग सांगायचे. शर्यतीत जो वेगाने धावतो त्याला तुम्ही टाळ्या देता. माझ्याकडे सगळे उलटे होते. तरुण, मऊ रक्तवाहिनी ताणते, ठोक्याचा धक्का पोटात घेते, म्हणून तिच्यातून लहर सावकाश जाते. वर्षानुवर्षे रक्तदाब सोसून जी कडक झाली, तिच्यातून लहर सुसाट पळते. म्हणून माझ्याकडे जो मागे राहिला त्याचेच भले.

मला चालवणारी एक बाई होती. तिचे खरे नाव दवाखान्याच्या कागदांवर असेल, पण येणारे सगळे तिला नाडीताई म्हणत. हात गार असत तिचे, म्हणून माणसाला हात लावण्याआधी ती ते एकमेकांवर चोळून घेई. मला रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसे. माझ्या वायरी आठच्या आकड्यात गुंडाळून ठेवी, पिळा पडू नये म्हणून. शिस्तीची होती. मोजणीच्या आधी माणसाने दहा मिनिटे गप पडून राहायचे, बोलायचे नाही, हा तिचा नियम. बोलले की नाडी हलते आणि आकडा बिघडतो.

मग एक दिवस डॉक्टरीणबाई एक जाड वही घेऊन आल्या आणि आमच्या खोलीत एक अभ्यास सुरू झाला. कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी असते ना, ती रक्तदाबाच्या माणसांना दिली तर त्यांच्या कडक झालेल्या रक्तवाहिन्या थोड्या मऊ होतात का, हे बघायचे होते. दोन वर्षे चालणार होता तो. प्रत्येकाची रक्तदाबाची गोळी चालूच राहणार होती. शिवाय प्रत्येकाला एक नंबर टाकलेली डबी. काहींच्या डबीत खरी गोळी, काहींच्या डबीत तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, ते नाडीताईलाही ठाऊक नव्हते. ती यादी लाखेने बंद केलेल्या पाकिटात होती, आणि रक्ततपासणीचे कागदही तिच्या हाती न येता परस्पर दुसरीकडे जात.

या अभ्यासात ते दोघे भाऊ आले.

सायकल दुरुस्तीचे दुकान होते त्यांचे. थोरला बासष्ट वर्षांचा, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. धाकटा पंचावन्नचा, भरघोस मिशा, आणि तोंडाला कुलूप कसे ते ठाऊक नाही. एवढ्या मिशांच्या माणसाला थोरला अजून ‘बाळ्या’ म्हणे, आणि धाकटाही निमूटपणे ओ देई. बाप लवकर गेला तेव्हा थोरला सोळाचा होता. त्याने शाळा सोडून पाना हातात घेतला आणि धाकट्याला वाढवले. त्याची बायको पुढे वारली, मूलबाळ नव्हते, तेव्हापासून तो धाकट्याच्याच घरी जेवत होता.

पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई त्यांना समजावून सांगू लागल्या की रक्तवाहिनी कडक होणे म्हणजे काय. थोरल्याने हात वर केला.

“समजलं बाई. ट्यूबसारखं. नव्या ट्यूबला खड्ड्याचा धक्का बसला तर ती स्वतः गिळते. जुनी कडक झाली की धक्का थेट हाडात.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “मी दहा वर्षं शिकवतेय, मला एवढं सोपं कधी सांगता आलं नाही.”

“मग आमची ट्यूब बदलून द्या की,” धाकटा म्हणाला. “पंक्चर आम्ही काढू.”

खोलीत सगळे हसले. मी मोजले. धाकट्याची लहर सेकंदाला साडेदहा मीटर. थोरल्याची साडेतेरा. नाडीताईने थोरल्याला पुन्हा मोजले, पुन्हा साडेतेरा. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि त्यांचे हसू मावळले. “मोठे काका, तुमच्या रक्तवाहिन्या तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यात. सांभाळायला हवं तुम्हाला.”

थोरल्याने नुसती मान हलवली. पण धाकट्याचा चेहरा मी पाहिला. जत्रेत हात सुटलेल्या पोराचा असतो तसा झाला होता तो. त्या दिवसापासून त्या मिशाळ माणसाच्या मनात एकच गोष्ट होती, दादा जगला पाहिजे.

मोजणीला उपाशीपोटी यायचे असे. झाले की दोघे दाराबाहेरच्या बाकावर बसत, आणि थोरला खिशातून एक केळे काढी. एकच. नीट मोडून दोन तुकडे करी. त्यांच्या घरचा लहानपणापासूनचा कायदाच होता, की जो मोडेल त्याने दुसऱ्याला आधी उचलू द्यायचे. थोरला नेहमी वाकडे मोडी, आणि धाकट्याचा हात आपसूक मोठ्या तुकड्यावर पडेल असा तो पुढे धरी. धाकट्याला हे कळत नव्हते असे नाही. तो कधी कधी मुद्दाम लहान तुकडा उचली, आणि मग दोघांची ओढाताण होई. उघड्या दारातून मी हे सारे बघत असे. एवढ्याशा केळ्यासाठी इतके भांडण मी दुसरे पाहिले नाही.

तीन महिन्यांनी ते दुसऱ्यांदा आले. थोरला पलंगावर पडला. नाडीताईने दोघांना दटावले, “दहा मिनिटं गप्प,” आणि कागदाचे रीळ आणायला गेली. ती दार ओढून बाहेर पडताच स्टुलावर बसलेला धाकटा पुढे सरकला.

“दादा, एक सांगू? माझी गोळी खरी आहे.”

“गप पड. बोलायचं नाही म्हणालीय ती.”

“पडलायस तू, मी बसलोय. ऐक तर. माझी जिभेवर ठेवली की कडू लागते. आणि बरं वाटतंय मला. जिना चढतो तर दम लागत नाही. खडूने असं होतं होय?”

“बरं. चांगलं झालं.”

“तुझी काल चाखून बघितली. काहीच चव नाही. खडू आहे ती.”

थोरल्याने मान वळवली. “माझ्या डबीला हात लावलास?”

“लावला. तुझी नळी माझ्याहून कडक, आणि औषध मला? हा कुठला न्याय? दादा, माझ्यातली अर्धी तू घेत जा.”

“त्यांनी काय सांगितलंय? ज्याची डबी त्यानेच.”

“त्यांना काय माहीत आपलं? आपण आजवर काय एकेकट्याने खाल्लंय?”

मी थोरल्याच्या मानेला लागलेले नव्हते, तरी त्याची नाडी मला दिसत होती.

“घेईन,” शेवटी तो म्हणाला. “पण मग माझीही अर्धी तू घ्यायची.”

“अरे, खडू खाऊन मी काय करू?”

“खडू तर खडू. वाटा म्हणजे वाटा. एकतर्फी मी घेणार नाही.”

नाडीताई रीळ घेऊन आली तेव्हा दोघे चोरासारखे गप्प होते. मी मोजले तर आकडा चौदाच्या वर. “काका, बोललात ना?” ती म्हणाली. “छे हो, ताई,” थोरला म्हणाला. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस तो, खोटे बोलताना त्याचे कान लाल झाले. तिने पुन्हा दहा मिनिटे पडायला लावले. त्या दिवशी तिला सगळे सांगण्याची माझी किती इच्छा होती! पण मित्रांनो, मला लहर काढता येते, शब्द काढता येत नाही.

पुढे दर तीन महिन्यांनी ते येत राहिले. जुन्या डब्या परत देत. नाडीताई उरलेल्या गोळ्या मोजी, एकही कमी-जास्त नसे. कशी असणार? दोन डब्यांतून रोज एकेक गोळी निघत होतीच. रोज जेवण झाले की धाकटा ट्यूबचे ठिगळ कापायच्या छोट्या चाकूने दोन्ही गोळ्या मधोमध कापी आणि ताटलीत चार तुकडे मांडी. “आज तुझा तुकडा मोठा पडला,” हे भांडण आता केळ्यावरून गोळीवर आले होते. हे मला बाकावरच्या त्यांच्या गप्पांतून कळे.

वर्ष झाले तेव्हा थोरल्याची लहर साडेतेरावरून तेरावर आली होती, धाकट्याची साडेदहावरून दहाच्या जरा वर. नाडीताईला आनंद झाला. “दोघांचाही उतार दिसतोय,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली, कारण तिने असे काही बोलायचे नव्हते. धाकट्याने दादाकडे असा काही कटाक्ष टाकला, जणू रस्ता त्यानेच दाखवला होता. त्या वर्षी माझेही दिवस चांगले होते. बाहेरगावचे डॉक्टर मला बघायला येत, माझ्या लहरींचे फोटो काढत. मीही फुगले होते, खोटे कशाला बोलू?

सोळाव्या महिन्यात धाकटा एकटा आला. तारखेच्या आधीच आला.

“मोठे काका कुठे?” नाडीताईने विचारले.

त्याने दोन डब्या टेबलावर ठेवल्या. “गेला दादा. दुकानात बसला होता, चाकाचे आरे सरळ करत. मी चहा घेऊन आलो तर मान खाली. मला वाटलं, आरे बघतोय. चाक फिरतच होतं, ताई.”

नाडीताईच्या हातातली वही खाली आली. तिने त्याला बसवले, पाणी दिले. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, “मोजायचं असेल तर मोजा आता. पुन्हा यायला नको लवकर.” दहा मिनिटे तो गप्प पडून राहिला. पहिल्यांदाच तिला दटावावे लागले नाही.

उठताना मात्र तो छताकडे बघत पुटपुटला, “वर्षभराचं आयुष्य तरी दिलं मी त्याला.” नाडीताई वायर गुंडाळत होती, तिने ऐकले नाही. मी ऐकले. मला वाटले, बरे आहे, निदान एवढा आधार तरी आहे याला. आपल्या औषधातले अर्धे आपण भावाला दिले, नाहीतर तो कधीच गेला असता, असे त्याने मनाशी धरले होते. उरलेले आठ महिने तो नेमाने येत राहिला. बाकावर बसत नसे. केळे आणत नसे. आपल्या डबीतली गोळी आता तो पूर्ण घेत होता.

दोन वर्षे संपली. लाखेचे पाकीट फुटले, यादी बाहेर आली. त्या दिवशी ज्यांना औषध नसलेली गोळी मिळाली होती, त्यांना खरी देणे सुरू होणार होते, म्हणून धाकट्याला बोलावले होते. नाडीताईने यादीत दोन्ही नंबर आधीच पाहून ठेवले होते. सांगण्यासारखे काहीतरी चांगले सापडले, म्हणून तिचा जीव हलका झाला होता.

“काका, तुमच्या डबीत औषध नव्हतं. तुम्हाला आजपासून मिळेल,” ती म्हणाली. “पण एक सांगते, तुम्हाला समाधान वाटेल. मोठ्या काकांची गोळी खरी होती. त्यांना पहिल्या दिवसापासून औषध मिळत होतं. आपल्याकडून त्यांना काही कमी पडलं नाही.”

धाकटा पुढे वाकला.

“खरी? दादाची? पण कडू तर माझी लागायची!”

“हो. आणि तुमची कडू लागली तरी बिनऔषधाचीच. चवीवरून काही कळत नाही, काका.”

“ताई,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला तो त्या मिशांमधून आला असे वाटेना. “ताई, मी त्याची अर्धी खाल्ली. वर्षभराच्या वर. रोज.”

मग त्याने सगळे सांगितले. नाडीताईचे गार हात तोंडावर गेले. ती डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊन आली. त्यांनी सगळे ऐकून घेतले, रागावल्या नाहीत. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या.

“मी देत होतो ना हो,” तो सारखा म्हणत होता. “मी त्याला देत होतो. घेत होतो होय मी?”

“काका, मी खोटं बोलणार नाही,” त्या म्हणाल्या. “या गोळीने रक्तवाहिन्या जरा मऊ होतात असं आम्हाला दिसलं, पण जराच, आणि सगळ्यांच्या नाही. अर्ध्या गोळीमुळे ते गेले, असं मला म्हणता येत नाही. पूर्ण घेऊन वाचले असते, असंही म्हणता येत नाही.”

“मग काय म्हणता येतं?”

“कळलं नाही, एवढंच. आता कधी कळणारही नाही.”

मित्रांनो, मी कितीतरी माणसांच्या लहरी मोजल्या, पण त्या वाक्याने माणसाला जो धक्का बसतो तो मोजायला माझ्याकडे काही नव्हते. त्याच्या दादाच्या सोळा महिन्यांच्या लहरी, माझ्याच हातच्या, त्या दिवशी अभ्यासातून काढून वेगळ्या पाकिटात गेल्या. त्याच्याही गेल्या. अर्ध्या गोळीच्या लहरी कोणत्याच बाजूला लावता येत नव्हत्या. मलाही अपराध्यासारखे वाटले. त्या दोघांखेरीज हे सगळे ठाऊक असलेले मी एकटेच होते.

नाडीताईने नवी डबी उघडून खरी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. पेल्यात पाणी दिले. त्याने गोळीकडे पाहिले. मग, काय करतोय हे त्याला स्वतःलाही कळले नसावे, त्याने खिशातून तो छोटा चाकू काढला, गोळी माझ्या डोक्यावर ठेवली, आणि मधोमध कापली. पाते माझ्या पत्र्यात रुतले. दोन्ही तुकडे त्याने तिथेच ठेवले आणि तो हात मागे घेऊन थांबला. कापणाऱ्याने आधी उचलायचे नसते.

कोणीच उचलेना.

“काका,” नाडीताई हळूच म्हणाली, “दोन्ही तुमचेच आहेत.”

“हो,” तो म्हणाला. “हो की.” त्याने एक तुकडा तोंडात टाकला, पाणी प्यायला. मग दुसरा उचलला, आणि तो गिळायला त्याला फार वेळ लागला.

त्यानंतर माझ्या जागी नवे, लहान, हुशार यंत्र आले. नाडीताई दुसरीकडे गेली. जाताना तिने माझ्या वायरी शेवटच्या आठच्या आकड्यात गुंडाळल्या, त्या तशाच आहेत. रबर कडक होऊन त्यांना आता तडे गेले आहेत. थोरला असता तर बघताच म्हणाला असता, ट्यूब गेली. धाकट्याचे मी पुढे काही ऐकले नाही. गोळी पूर्ण घेत असेल, अशी आशा आहे.

मित्रांनो, माझी विनवणी छोटी आहे. भावाला, मैत्रिणीला, आजोबांना आपल्या ताटातले हवे तेवढे द्या. मोठा तुकडा द्या, वाकडे मोडून द्या. पण ज्याचे औषध त्याचे त्यालाच राहू द्या. आणि जीव तुटत असेल, आपल्या माणसाला कमी पडते आहे असे वाटत असेल, तर दार बंद असताना कुजबुजू नका. दार उघडून बाहेर जा आणि ज्यांना विचारायचे त्यांना विचारा. आमच्या खोलीबाहेर विचारण्यासारखी माणसे होती. फक्त ती त्या वेळी कागदाचे रीळ आणायला गेली होती.